यादीत नसलेलं मिडलवेअर

मंगळवार, सकाळचे अकरा. वॉर्डात हजर: हॉस्पिटलच्या उपकरणांच्या देखभालीची यादी ठेवणारी मी, सिस्टर मंदाताई, कॉम्प्युटरवाले जोशी आणि खाटेवर धापा टाकणाऱ्या सावंतआजी.

आजींच्या रक्ताचा रिपोर्ट खाली लॅबच्या मशीनवर नऊलाच तयार होता. वर आमचा स्क्रीन कोरा, आणि डॉक्टर औषधासाठी थांबलेले.

“दोन्हीकडे सगळं ठीक आहे, मॅडम,” जोशी म्हणाले. “मधलं मिडलवेअर नावाचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. मशीनचं बोलणं स्क्रीनला समजेल असं करून तेच पोचवतं.”

“अगंबाई! आणि मी स्क्रीनकडे बघत बसले!” मंदाताई छापील रिपोर्ट आणायला जिन्याकडे धावल्या.

मी यादी उघडली. माझ्या यादीत वॉर्डातले पंखेसुद्धा आहेत, हे मिडलवेअर मात्र नाही. माणसांमध्येही असं कोण कोण न दिसता उभं असेल?

कागद आला, आजींना औषध मिळालं. मी यादीत ‘मिडलवेअर’ लिहिलं. पुढचा ‘देखभाल कोणाकडे’ हा रकाना अजून कोराच आहे.