स्टेशनवर गेलेली घोडी

आमच्या शेगावात टांग्याचं घोडं थकलं की त्याला रेल्वे फाटकापलीकडे सोडून देत. ते तिथेच उभं राहायचं आणि काही दिवसांनी पडायचं. लोक म्हणत, सुटलं बिचारं. मला या बोलण्याची फार चीड यायची.

अशीच सोडलेली एक पांढरी घोडी बाबांनी घरी आणली ती दयेपोटी नाही, वैतागून. आमचा मळा फाटकाला लागून होता. गाडीची शिट्टी झाली की घोडी पुढचा दुखरा पाय ओढत रूळ ओलांडायची आणि स्टेशनसमोर टांग्यांच्या रांगेत आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहायची. टांगेवाले तिला हाकलायचे. पुढच्या गाडीला ती पुन्हा हजर. चार दिवस हे पाहून बाबांनी तिला आमच्या गोठ्यात बैलांशेजारी बांधली.

दुसऱ्या दिवशी तिचा मालक आला. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. यानंच तिला सोडलं होतं. मान खाली घालून तो बाबांना म्हणाला, "दादा, दोन घोड्याइचं पोट भरनं होत नाही माह्याच्यानं. पन मी रोज येत जाईन, तिचा पाय चोळून देत जाईन." मी दारातूनच फणकारले, "मंग सोडली काऊन?" मायनं मला आत ओढलं. चाचा मात्र खरंच रोज येऊ लागला.

माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मापासून तिचे पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ओसरीवर भिंतीला टेकवलं तर बसायची, नाहीतर कलंडायची. बोलायची, पण एकेक शब्द ओढून ओढून. घराबाहेर कोणाला ते समजत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मध्यप्रांत-वऱ्हाडातले मोठे डॉक्टर नागपुरात, म्हणून बाबांनी तिला तिथवर नेऊन आणलं होतं. असंच चालायचं, एवढं ऐकून ते परत आले.

चाचा घोडीचा पाय चोळत असताना बहीण एकटक बघत बसायची. एक दिवस त्यानं विचारलं, "बसतं का वं बेटी?" ती इतकी खूश झाली, की मायला नाही म्हणता येईना. पडू नये म्हणून मी आणि मायनं जुन्या लुगड्यानं तिला घोडीशी करकचून बांधलं. ती लाकडासारखी ताठली आणि किंचाळू लागली. चाचानं आधी लुगडं सोडलं, मग खोगीरही काढलं, नुसती गोधडी ठेवली. "जनावराची ऊब लागू द्या तिले," म्हणाला. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी, असे आम्ही मळ्याच्या बांधापर्यंत गेलो. येताना माझ्या हाताला तिची मांडी सैल लागली. अशी सैल मांडी मी कधी पाहिली नव्हती. घर येईपर्यंत मी हात तिथून काढला नाही.

मग रोजचंच झालं. मी कुरकुरायचे, पण जायचे. दिवाळीपर्यंत तिचे पाय घोडीच्या दोन्ही अंगांना लोंबू लागले. आयाळ धरून ती न टेकता बसू लागली आणि ओसरीवर भिंत सोडून जेवू लागली. ती चालेल असं कोणाला वाटत नव्हतं आणि ती कधी चाललीही नाही. पण घोडीवर बसली की ती आमच्याकडे वरून बघायची, आणि याची तिला भारी गंमत वाटायची.

त्याच थंडीत मला पाहायला पाहुणे यायचे ठरले. आमच्याकडे मुलीला चालून दाखवायला सांगत, पायात काही खोट नाही ना हे बघायला. बाबांना घोर लागला. धाकटीचे पाय पाहिले तर हे रक्तातलंच आहे म्हणतील आणि उठून जातील. म्हणून ठरलं, की पाहुणे जाईपर्यंत चाचानं तिला घोडीवर बसवून मळ्यातच ठेवायचं. हे मलाही पटलं होतं, हे मी लपवत नाही.

पाहुणे आगगाडीनं यायचे होते. एवढी एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नाही. चाचा विहिरीवर पाणी शेंदायला वळला, तेवढ्यात शिट्टी झाली आणि घोडी निघाली. बहिणीला पाठीवर घेऊन ती फाटकातून गेली आणि रांगेत आपल्या जागी उभी राहिली. पाहुणे बाहेर आले तर समोर हीच. चाचा धापा टाकत पोचला तोवर ते टांग्यात बसले होते.

बहिणीनं घरी यायचा हट्ट धरला, आणि तो तिला घेऊन घराशी आला तेव्हा पाहुणे ओसरीवर टेकलेले, मी चहाचं तबक घेऊन उभी. सासरे होऊ घातलेले गृहस्थ घोडीकडे बघून म्हणाले, "हे पोरगी ठेसनावर दिसली होती. कोनाची हाय?"

बाबांनी चाचाकडे पाहिलं. "आमच्या या टांगेवाल्याची," ते म्हणाले.

चाचानं घोडीवरच्या बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव जी. माहीच पोरगी हाय." आणि घोडी वळवून घेऊन गेला. बहिणीनं सगळं ऐकलं होतं. मला राग आला तो तिचाच, की मेली आजच कशाला आली इथे. मग मला चालायला सांगितलं. मी चालून दाखवलं. लग्न ठरलं.

सासरी दोनेक महिने झाल्यावर एका दुपारी सासऱ्यांना पाणी द्यायला गेले. तांब्या हातात घेऊन ते म्हणाले, "तुही बहीन कशी हाय वं?"

मी पदर सावरून आत जायला वळले.

"ठेसनावर मीच इचारलं होतं तिले, कोनाची वं तू? दोनदा इचारा लागलं, पन समजलं. ताईले पाहाले आले ना तुमी, म्हने. माही ताई लय चांगली हाय, म्हने." ते पाणी प्यायले. "तुहा बाप भेला, ते मी समजू शकतो. मी तुह्याकडे पाहून राह्यलो होतो. तू तरी बोलशीन म्हनून."