लग्नातलं थमेन

सकाळी मी आणि बायकोने परसात कपडे वाळत घातले. माझ्या विजारी वरच्या दोरीवर, तिची थमेनं खाली, कडेला. थमेन म्हणजे बर्मी बायकांची गोल शिवलेली लुंगी. वाळत्या थमेनाखालून पुरुष गेला तर त्याचं तेज जातं, असं तिच्याकडे मानतात. मी मुद्दाम वाकून खालून निघालो.

"अहो, पलीकडून या! आहे तेवढं तरी राहू द्या."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं.

मुलगी तिथेच नर्स आहे. तिनेच सगळे फोन केले. म्हणाली, "बाबा, सकाळी फ्युनरलवाल्यांकडे कपडे द्यायचेत. ते घालतात."

"थमेन घालता येतं त्यांना?"

"व्हिडिओ बघतील."

"तुला येतं?"

तिला कुठलं येणार! जन्म जीन्समध्ये गेलेला.

लग्नातलं लाटांच्या नक्षीचं रेशमी थमेन बायकोने जपून ठेवलं होतं. मला हेच नेसवून पाठवा, म्हणायची. हे गोरे लोक पुढे गाठ मारणार. पुढे गाठ बाप्यांची. बाई घडी कडेला नेऊन कमरेत खोचते. मी रंगूनला बोटीवर होतो तेव्हापासून रोज बघत आलो. पण हात कधी लावला नाही, ती लावू देत नसे. आता ती बाप्याच्या गाठीने तिथे वर आपल्या आईपुढे उभी राहिली तर?

तिचं एक जुनं थमेन विजारीवर चढवून आरशापुढे उभा राहिलो. हात आपोआप पुढे आले आणि गाठ मारून मोकळे. रात्री झोपताना जन्मभर लुंगीच नेसली ना. सोडली, पुन्हा केली, पुन्हा तेच. मग जास्तच घाबरलो. गोऱ्यांचं काय घेऊन बसलात, माझेच हात तिची फजिती करणार होते.

"बाबा, लीव्ह इट, प्लीज," मुलगी दारातून म्हणाली. रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्युनरलवाल्यांकडे गेलो आणि सांगितलं, मीच नेसवणार. तिथल्या बाईने तिची कंबर उचलून धरली. ती इतकी गार होती की मी हात मागे घेतला. मग मुलीला म्हटलं, "माझा उजवा हात धरून ठेव. सोडू नकोस." एकट्या डाव्या हाताला गाठ मारता येत नाही. त्याच हाताने मी घडी कडेला ओढली आणि खोचली. सैल वाटली म्हणून आणखी आत खोचली.