तिसऱ्या आकड्याची वाट

बाबांना भेटायला येणारी माणसं हातात पाण्याची बाटली घेऊन यायची. पुण्याजवळच्या एका रंगांच्या कारखान्यात, संशोधन विभागात, त्यांनी सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दोन खोकी काचसामान घेऊन शेवगावला परतले. मागच्या पडवीत टेबल टाकलं. आसपासच्या वस्त्यांवरचे लोक बोअरचं पाणी तपासायला आणू लागले. प्यायला चालेल का, पिकाला चालेल का, एवढंच त्यांना हवं असायचं. बाबा मात्र बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली का, इथून सुरुवात करायचे. नसेल तर माणूस उन्हातून आलेला का असेना, परत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी असं दोनदा माघारी धाडलं. तिसऱ्या खेपेला तो दारातूनच म्हणाला, "सर, चारदा इसळली. आता घ्या." तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

विसळणं तीनदा, तसं मोजणंही तीनदा. एका आकड्यावर तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. लहानपणी माझा ताप त्यांनी तीनदा मोजेपर्यंत मी बरी होऊन खेळायला गेलेली असायचे. आई तर त्यांची भरपूर टर उडवायची. आमटीची चव विचारायची आणि ते काही बोलायच्या आत म्हणायची, "थांबा, अजून दोनदा चाखा, मग सांगा." बाबा खरंच चाखायचे. मुलीच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालणारा, बायकोबरोबर शेंगा फोडत बसणारा साधा माणूस होता तो. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी.

मग आईची पोलकी सैल होऊ लागली. जेवण कमी झालं. पाठ दुखते म्हणायची. बाबांनी वजनकाटा आणला. रविवारी सकाळी, उपाशीपोटी, तीच राखाडी साडी नेसून तिनं काट्यावर उभं राहायचं, कारण साडी बदलली की वजन बदलतं. आई कुरकुर करत उभी राहायची. पहिल्या वेळी वजन कमी भरलं. दोन आठवड्यांनी आणखी कमी. मी नगरहून फोनवर म्हटलं, आता डॉक्टरकडे न्या. बाबा म्हणाले, अजून एकदा बघू, मग नक्की सांगता येईल. मीही गप्प बसले. ते चुकत नाहीत, हे मला शाळेपासून पाठ होतं.

तिसऱ्या आकड्यानंतर तिला नगरला आणलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. पावणेतीन महिन्यांत आई गेली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी बाबा पडवीत काट्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवत होते. बाटलीत किती पाणी आहे हे मापून घेतलेलं, त्यावरून काटा तपासत होते. मला बघून म्हणाले, "काटा बरोबर होता गं."

माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "काटा बरोबरच होता, बाबा. तुमच्या तीन वेळा मोजण्यात आई गेली."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले आणि बाटल्या रिकाम्या करायला लागले. मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, निदान बाजू तरी मांडतील.

आता जे सांगायचं ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचे रिपोर्ट आले त्या दिवशी बाबा औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं की महिनाभर आधी आणलं असतंत तरी हे असंच झालं असतं, हा आजार कळतो तेव्हाच उशीर झालेला असतो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते वाक्य बोलले. आई गेली त्याचा राग कुणावर तरी काढायचा होता आणि समोर बाबा होते, बस.

पुढची दोन वर्षं मी पंधरा दिवसांनी एसटीनं शेवगावला जायचे. दर खेपेला ठरवायचे, आज सांगायचं. पोहोचले की डबे उघडायचे, चादरी बदलायचे, ते नीट जेवत नाहीत म्हणून त्यांना बोलायचे. सांगायचं म्हणजे तेव्हा ठाऊक असूनही बोलले, हे कबूल करायला हवं होतं. तेवढी माझी हिंमत झाली नाही. पडवीतल्या टेबलावर धूळ साचत होती. मला वाटलं, वय झालं, कंटाळले असतील. एका सकाळी ते खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले.

दहाव्याला तो म्हातारा शेतकरी आला. बराच वेळ बसला. मी चहा दिला आणि विचारलं, अलीकडे पाणी तपासायला आणत नव्हतात का?

"आनलं की, ताई. लई खेपा आनलं. सर हातबी लावीनात. म्हनायचे, दुसरीकडं दाखवा, माज्या आकड्याचा काय भरवसा न्हाई."

कपबशी खाली ठेवायला मला जागा सापडेना. मी घाईघाईनं म्हणाले की असं काही नव्हतं, त्यांचा आकडा कधीच चुकला नाही, आईच्या वेळीसुद्धा त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षं मनात ठेवलेलं सगळं मी त्या परक्या माणसासमोर बोलून टाकलं, डॉक्टरांच्या शब्दांसकट.

तो टोपी डोक्यावर नीट बसवत उठला. "सरांचा आकडा चुकत न्हाई, ह्ये आमाला ठाव हुतं, ताई. त्यास्नी सांगाया पायजे हुतं."

"बरोबर आहे," मी म्हणाले.