तीस फुटांची होडी

मित्रहो, दुपारच्या सभेची किळस अजून गेलेली नाही, म्हणून लिहितो.

सोनगीरचे दामूनाना वीस वर्षे गलबतावर खलाशी होते. आता ते आणि त्यांचा मेहुणा, दोघेच, शिडाच्या होडीने मुंबईहून आफ्रिकेला जाणार आहेत. होडी मंडळाचे शेठ देणार. ती केवढी असावी, हे आज धुळ्यात आपल्या मंडळाने मते घेऊन ठरवले.

नाना म्हणाले, "तीस फूट बस शे. एक जन झोपना, तं दुसराले एकलाले शीड उतारता येवाले जोयजे."

"नाना, धुळ्याचं नाव घेऊन निघणार, अन् होडी तापीवरच्या नावाड्याची?" शेठ म्हणाले. "साठ फूट घ्या. फोटोत तरी दिसेल."

मंडळातले वकील म्हणाले, "शिवाय मोठ्या होडीतून लाटा लहान दिसतात." सगळे हसले.

"तुमनामा कोनी समुद्र देखेल शे का?" नानांनी विचारले.

साठ फुटांसाठी सगळ्यांनी हात वर केले. मी शेठच्या शेजारी बसलो होतो. मीही केला.

नाना "बरं" म्हणाले. दुसरी होडी त्यांना कोण देणार?

साठ फुटी होडीचे शीड वादळात एकट्याला उतरवता येणार नाही, हे नानांच्या बोलण्यातून आपल्याला कळले होते. उद्या सकाळी शेठकडे जाऊन मी माझे मत मागे घेणार आहे. तुम्हीही तिथे होतात. येता का?