दोरी मारतो तो गवंडी

ज्या माणसाच्या पोटावर फ्लेक्सनं पाय दिला, त्याच्याच स्वागताला मी फाटकावर फ्लेक्स बांधला होता. आता सांगायला हरकत नाही. आमच्या घरात हा किस्सा माझ्याशिवाय सगळ्यांनी सांगून झालाय. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, दौंडचे पाट्या रंगवणारे पेंटर. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला, पुण्यात ऑपरेशन झालं. मामी आधीच वारल्या होत्या, म्हणून विश्रांतीला ते शिरूरला आमच्याकडे राहिले. पुढं एका तपासणीत डॉक्टर म्हणाले, आता मान वर करून बघा. त्या दिवशी बायको त्यांना घेऊन पुण्याहून परत येईपर्यंत मी एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून फ्लेक्स छापून आणला. मामांचा हसरा फोटो, चार कोपऱ्यांत चार गुलाब आणि खाली ‘हार्दिक स्वागत’.

बऱ्या झालेल्या डोळ्यानं मामांनी पहिली अक्षरं वाचली ती ही. त्यांनी बराच वेळ वाचली. मग म्हणाले, “जावईबापू, खाली भावपूर्ण लिहायचं राह्यलं का?”

दोन पावलं पुढं जाऊन ते पुन्हा वळले. “आन् वळ बी नागमोडी छापलीय.”

मी धावत जाऊन फ्लेक्सच्या सुरकुत्या ताणल्या. सुरकुती एकही नव्हती. मला वाटलं, टोमणा आहे.

दौंडात पिठाच्या गिरणीपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत जिथं अक्षर दिसेल, तिथं ते बहुधा मामांचं असे. बाकीचे पेंटर आधी खडूची पूड लावलेली दोरी भिंतीवर ताणत, टिचकी मारत, आणि त्या रेघेवर अक्षरं बसवत. मामा नुसत्या नजरेनं ओळ धरायचे. “दोरी मारतो तो गवंडी,” असं ते दुसऱ्या पेंटरच्या तोंडावर सांगत, त्यामुळं त्या धंद्यात त्यांना मित्र नव्हता. कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. आमच्या लग्नात मंगलाष्टकांऐवजी त्रिशरण चाललं होतं, सगळे हात जोडून उभे, आणि मामा स्टेजमागच्या पडद्यावरचं माझं नाव तिरकं लागलंय म्हणून टाचणी शोधत होते. कुणाच्या कामाचं कौतुक करायची वेळ आलीच, तर “बरं हाय,” एवढंच.

डावा डोळा त्यांना पहिल्यापासून नव्हताच म्हटलं तरी चालेल. लहानपणी विटी लागली होती. सगळा संसार उजव्यावर. तो डोळा एका बाजूनं अंधारत चालला, तेव्हा दौंडातला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. कुणी मध घातला, कुणी गुलाबपाणी, एकानं बोरांच्या पानांचा रस सुचवला. हे सगळं करण्यात मोलाचे दिवस गेले, आणि आपण केवढं नुकसान केलं याचं त्या शहाण्यांना आजही काही वाटत नाही. मला अजून त्यांचा राग येतो.

ऑपरेशननंतर डोळ्यात हवेचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून दिवसरात्र मान खाली घालून राहायचं. जन्मभर शिडीवर मान वर करून काम केलेला माणूस आमच्या पुढच्या खोलीत टेबलावर कपाळ टेकून बसला. भेटायला येणाऱ्यांना तर ऊतच आला. हे लोक केळी आणायचे आणि येताच मामांच्या तोंडाखाली हात नाचवून विचारायचे, “किती बोटं, मामा?”

“तुझ्या हाताला हायेत तेवढी.”

लोक हसत आणि पुन्हा विचारत. आजारी माणूस म्हणजे जत्रेतला पाळणा, येईल त्यानं एक चक्कर मारून जायचं. मी एकदा फाटकाला आतून कडी घातली. तर बायको म्हणाली, केळी तुम्हीच संपवता.

फ्लेक्सच्या दुसऱ्या दिवशी मामांनी ब्रश मागितला. आमच्या कंपाउंडच्या आतल्या भिंतीवर त्यांनी निळ्या रंगात एक आडवी रेघ ओढली. हात तोच, झोकही तोच. पण रेघ मध्यावर अशी फुगली होती की जणू नाग निघालाय. मामा मागं सरले, डोकं तिरकं करून बघत राहिले. “कशी हाय?”

“वा,” मी म्हणालो. “अगदी पहिल्यासारखी.”

शेजारचे पाटीलसर भिंतीवरून डोकावून म्हणाले, “मामा, हात बसलेलाच आहे हो.”

तेवढ्यात बायको धुणं वाळत घालायला बाहेर आली. तिला माहेरी सगळे बेबी म्हणतात. पिळा खांद्यावर घेऊन तिनं रेघ बघितली. “मामा, मधी फुगलीय.”

पाटीलसरांचं डोकं भिंतीमागं गेलं. मला वाटलं, मामा आता तिच्यावर उखडणार. ते माझ्याकडं वळले.

“जावईबापू, मला सरळ दिसत होती म्हनून इचारलं. तुम्ही मला आंधळा समजलात. खोटं आंधळ्याला सांगत्यात.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की फ्लेक्सवरची ओळही त्यांना खरोखर नागमोडी दिसली होती. डॉक्टरांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, पडदा बसला, पण त्याला किंचित सुरकुती राहिलीय. थोडी जाईल, सगळी जाईलच असं नाही. ऑपरेशन मात्र यशस्वी. मामा बाहेर येऊन म्हणाले, “कापड शिवून दिलं, आन् म्हनतो इस्त्री न्हाई झाली तर आमी काय करावं. यशस्वी, म्हनं.”

त्याच आठवड्यात दौंडच्या विहार कमिटीचा सेक्रेटरी आला. विहाराच्या कमानीवरचं नाव दरवर्षी जयंतीआधी मामाच नव्यानं रंगवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. सेक्रेटरी बिचारा मायेनं बोलला. “मामा, औंदा तुमी आराम करा. फ्लेक्स लावू, एका तासात येतो.”

मामांनी त्याला चहा पिऊ दिला. मग म्हणाले, “ती कमान मी रंगवायचो तवा तुजा बाप शिडी धरायचा. फ्लेक्सची शिडी कोन धरनार? कमानीला खिळा ठोकलास तर बघ.”

तो गेला. संध्याकाळी मामा बायकोला हळूच म्हणाले, “बेबे, गवंड्याकडनं दोरी आन.”

ती उभ्या पावली जाऊन घेऊन आली. अंगणात एक टोक तिनं धरलं, दुसरं मामांनी. ताठ ताणलेली दोरीसुद्धा त्यांना वाकडी दिसत होती. ते दोरीवर चिडले, डोळ्यावर चिडले, माझ्यावर तर रोजच. हळूहळू त्यांनी हिशेब उलटा केला. “वाकडी दिसतीया न्हवं? म्हंजी सरळ हाय. चला.” सरावाच्या रेघांनी आमची भिंत आतून निळी होऊन गेली. रंगाच्या डब्यांखाली अंथरायला त्यांनी माझा स्वागताचा फ्लेक्स घेतला. म्हणाले, या कामाला बरं हाय.

जयंतीच्या आधी आम्ही तिघं न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला गेलो. मी शिडी धरली. त्याहून जबाबदारीचं काम मला कुणी दिलं नाही. बायको रस्त्यापलीकडं पानाच्या टपरीशी उभी राहिली. खाली पन्नास माणसं जमली होती आणि मामांनी ब्रश टेकवायच्या आधीपासून “लई भारी” म्हणत होती. मामांचे कान फक्त रस्त्यापलीकडं.

“डावीकडचं जरा उतरलंय, मामा.”

ते पुसायचे, पुन्हा लिहायचे.

“आता?”

“आता बरं हाय.”

ती ओळ सगळ्या दौंडला सरळ दिसली. एकट्या मामांना नाही. खाली उतरून त्यांनी तिच्याकडं एकदाच पाहिलं, आणि लगेच पुढच्या कामाचे डबे भरायला लागले.

त्यानंतर मामांनी बरीच वर्षं काम केलं, दोरी मारून. गवंडी म्हणून चिडवणाऱ्याला ते म्हणत, “व्हय, गवंडीच हाय. तुजी वळ बघू.” एका सकाळी ब्रश धुता धुता छातीत कळ आली आणि ते गेले.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोरांनी फ्लेक्स टांगला होता. हसरा फोटो, चार गुलाब, आणि या वेळी ‘भावपूर्ण’ राहिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. ज्यानं या गावाची निम्मी नावं हातानं लिहिली, त्याचं नाव लिहायला गावाला एक ब्रश मिळू नये? मी चप्पल काढून खांबावर चढलो. फ्लेक्स फाडायचाच होता. खालून पोरं “काका, काका” करत होती.

बायको रस्ता ओलांडून पलीकडं गेली. तिथल्या एका टपरीशी उभी राहिली, डोळे पुसले, डोकं तिरकं केलं.

“अहो,” ती म्हणाली, “चढलाच आहात तर डावीकडची दोरी जरा वर ओढा. उतरलंय.”