हुकमाचं इंग्रजी

"ब्रिंग माय सँडल्स," पाहुण्या बाई म्हणाल्या, आणि हॉलमधली सगळी मोठी माणसं हसली.

सुली उठली. सात वर्षांची पोरगी. दाराशी चपलांचा ढीग पडला होता. त्यातून तिनं ती सोनेरी पट्ट्यांची, उंच टाचांची जोडी बरोबर हुडकली आणि प्रसादाचं ताट आणावं तशी दोन्ही हातांवर धरून सतरंजीवरून चालत आणली. टाळ्या पडल्या. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनीही वाजवल्या. सुलीच्या तोंडावर केवढा आनंद! तो आनंद मला अजून छळतो.

मग बाईंचं बोट माझ्याकडे वळलं. मी तेरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी.

"नाऊ यू. पुट देम ऑन माय फीट."

मला कळलं. शब्दन् शब्द कळला. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

हे सगळं तुर्भ्याला घडलं, कारखान्यांच्या मागच्या अंगाला असलेल्या मुलींच्या बालगृहात. नव्वदीची वर्षं. माझा बाप साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात गोण्या वाहायचा. तो गेला, वर्षभरात आई गेली. चुलत्यानं मला इथं आणून सोडलं, "येतो गं रविवारी" म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

रविवारी यायच्या त्या मॅडम. वाशीहून. पगार नाही, काही नाही, स्वतःच्या मनानं यायच्या. खोटं कशाला बोलू, मॅडम वाईट नव्हत्या. टेपरेकॉर्डर घरचा आणायच्या, वर सेलपण त्यांचेच. इंग्रजी आधी कानात मुरतं, मग जिभेवर येतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, कारण बाहेर दिवसभर ट्रक. आत नुसती घुसमट, फ्रॉक पाठीला चिकटलेला. कॅसेटमधला माणूस सांगणार, आम्ही करणार. स्टँड अप. टर्न राउंड. गो टू द डोअर. तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त ऐकायचं आणि करायचं. अशी दोन वर्षं. हुकूम ऐकण्यात आम्ही अशा पक्क्या झालो की कॅसेट संपायच्या आत उभ्या. पण का म्हणून विचारायचं असेल तर कसं, नको म्हणायचं असेल तर कसं, ते त्या कॅसेटमध्ये कुठंच नव्हतं. मॅडमच्या डोक्यातही कधी आलं नाही. आमच्यासारख्यांना इंग्रजीत लागणार काय? सांगितलेलं कळलं की बास!

त्या दिवशीच्या पाहुण्या बाईंचा रबाळ्याला कारखाना होता. आमच्यातल्या एका मुलीला वाशीच्या इंग्रजी शाळेत घालायचं, दहावीपर्यंतचं सगळं बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मॅडमनी माझं नाव दिलेलं. बालगृह सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी सकाळीच माझ्या वेण्या करकचून घातल्या आणि बजावलं, आज शहाण्यासारखी वाग. त्यांनी सांगायची गरजच नव्हती. आठ दिवस मी मनातल्या मनात त्या शाळेचा निळा स्कर्ट घालून फिरत होते. मला ती शाळा पाहिजे होती. एवढी दुसरी कुठली गोष्ट मला कधी हवी वाटली नव्हती.

सुरुवातीला सगळं झ्याक चाललं. मॅडम हुकूम द्यायच्या, आम्ही करायचो. पाहुण्या बाई म्हणाल्या, ही तर पाठ केलेली वाक्यं, मी नवीन देऊन बघू का? मॅडमना आनंदच झाला. आणि बाईंना पहिलं सुचलं ते हे. चपला.

मी उभीच. मॅडमना वाटलं, मला कळलं नाही. खाली वाकून हळूच म्हणाल्या, सोपं आहे गं, येतं तुला. बाईंनी पुन्हा सांगितलं, बहिऱ्याला सांगावं तसं, एकेक शब्द तोडून. पाय पुढे केला. मग मॅडमकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, ही जरा मंद आहे का? तेही मला कळलं. दोन वर्षं कान त्यासाठीच तर घासले होते.

माझ्या बापाची काही शिकवण आठवली म्हणून मी अडले, असं सांगायला बरं वाटेल. तसलं काही नाही. बाप दमून यायचा, जेवायचा, झोपायचा. मी फक्त सुलीकडे बघितलं. ती अजून हसत होती. तिला परत बोलावतायत का, म्हणून वाट बघत होती. मी तोंड उघडलं. पण तोंडात होतं काय? कॅसेटच की!

"स्टँड अप," मी म्हणाले. "टेक युअर सँडल्स. गो टू द डोअर."

आणि शप्पथ सांगते, बाई उठल्या. अर्ध्या. खुर्चीवरून बूड उचललं त्यांनी. मग त्यांचं त्यांनाच उमगलं आणि तोंड लालबुंद झालं. कुणी हसलं नाही.

पाहुणे चहा न घेता गेले. मोठ्या बाईंनी मला कोठीच्या खोलीत नेऊन दोन ठेवून दिल्या. वर म्हणाल्या, "पायीची वहाण पायीच बरी म्हणतात, ते काय खोटं नाही."

त्या इंग्रजी शाळेत दुसरी मुलगी गेली. शिकली, नोकरीला लागली. तिच्यावर माझा राग नाही. रविवारचा वर्ग बंद पडला, त्यामुळं बाकीच्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं?

मॅडम एकदा टेपरेकॉर्डर न्यायला आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "'नो, थँक यू' म्हणायचंस ना गं. एवढं उद्धट कशाला बोललीस?"

"ते तुम्ही शिकवलंच नाही, मॅडम."

त्या वायर गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाली तरी हात फिरतच होता. मग गेल्या.

त्या संध्याकाळी सुली पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, मी बरोबर आणली ना गं सँडल?"

मी "हो" म्हणाले. एवढ्याशा जिवाला काय सांगणार होते? पण ते "हो" माझ्याच्यानं विसरवत नाही. आजही कुणी मान न वळवता इंग्रजीत काम सांगितलं की मला जागेवर बसवत नाही. उठून येरझारा घालते.

बारावीपर्यंत मी म्युनिसिपालिटीच्या नि रात्रीच्या शाळेत शिकले. आता रविवारी मीच जाते, अशाच एका बालगृहात. पोरी मला मॅडम म्हणतात. पहिल्या दिवशी मी "स्टँड अप" म्हणते आणि सगळ्या खाडकन उठतात. मी म्हणते, बसा. आधी मला विचारा, "व्हाय?" लाजतात, खाली बघतात, एकमेकींना कोपर मारतात. मी थांबते. सगळ्यांत धाकटी माझ्या डोळ्यांत डोळे घालून विचारेपर्यंत पुढचा शब्द नाही. मग महिना लागला तरी बेहत्तर. पाहुणे आले तर पोरींच्या शेजारी सतरंजीवर बसायचं, आपापली चप्पल आपण घालायची. ज्यांना झेपत नाही त्यांनी येऊ नये. तिथल्या बाई कुरकुरतात, देणगी जाईल म्हणतात. जाऊ दे.

सुलीला मी "हो" म्हणाले होते. आता चपला आणून देणाऱ्या कुठल्याच पोरीला म्हणणार नाही.