पक्क्या कामाची होडी

जिल्हा नवा झाला तेव्हा लातूरकडे पाऊस आला नाही, होडी आली. तीही साधी नव्हे, शिडाची. नांदेडकडे गोदावरीत फिरवायला म्हणून कुणीतरी कधीतरी घेतलेली, मग नकोशी झालेली आणि शेवटी ‘नव्या जिल्ह्याला भेट’ म्हणून ट्रकात घालून आमच्याकडे धाडलेली. थोरल्याची फाटकी विजार धाकट्याच्या अंगावर चढवतात, त्यातला प्रकार. आम्ही त्या विजारीलाही हार घातला. मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या हपिसात नवा जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. हार आणायला मलाच पिटाळलं होतं.

शीड लवकरच कुणाच्याशा सभेला मांडव म्हणून गेलं, ते परत आलं नाही. डोलकाठी हपिसाच्या झेंड्याला लागली. उरलेली होडी आवारातल्या कडुलिंबाखाली पडून राहिली आणि शिपायाच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. त्या होडीतून सरकारला नसलं तरी शिपायाला उत्पन्न होतं.

मग तलाव आटला. देवणीकडच्या काही गावांना आमची नळयोजना त्या तलावातून पाणी द्यायची. पाणी जॅकवेलच्या, म्हणजे काठावरच्या उपसा विहिरीच्या तोंडाखाली गेलं आणि तलावाच्या मधोमध नुसता एक डोह उरला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं सगळे म्हणू लागले. पण आडात थोडं होतं, फक्त ते लांब होतं. होडीत पंप बसवायचा, ती डोहावर तरंगत ठेवायची आणि पाइपानं पाणी जॅकवेलमध्ये आणून सोडायचं, असं ठरलं. ही कल्पना कुणाची ते आठवत नाही. आमच्या साहेबांची नव्हती, एवढं खात्रीनं सांगतो.

त्या गावांत एक आमचं गाव. आमच्या बुद्धवाड्याचा नळ लाइनीच्या अगदी शेपटाला. नळ येण्याआधी माझी माय मळ्यातल्या विहिरीवर जायची. घागर खाली ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. विहिरीवरच्या कुणाला वाटलं तर वरून पाणी ओतणार, नाहीतर उन्हात बसा. आम्ही धम्म घेऊन कैक वर्षं झाली होती, पण त्या विहिरीला ते कुणी कळवलंच नव्हतं. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी माय सगळ्या वाड्यापुढे म्हणाली, “आता मरूस्तोर कुणाच्या हाताखाली घागर धरायची न्हाई.” मला नोकरी लागली तेव्हासुद्धा तिचा चेहरा तसा फुलला नव्हता. म्हणून होडीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते चेष्टेवारी नेलं नाही.

काम एका भोकाचं होतं. होडीचा पुढचा भाग फळ्यांनी झाकलेला असतो, त्याला डेक म्हणतात. डेकखालची जागा कोरडी, म्हणून पंपाचा स्टार्टर तिथं बसवला. काठावरून आलेली केबल डेकमधल्या भोकातून खाली जायची. पूर्वी डोलकाठीवरच्या दिव्याची वायर तिथूनच जात असे. पाइपाच्या जोडातून सदा पिचकाऱ्या उडायच्या, डेक ओला तो ओलाच. ते पाणी भोकातून आत गेलं की स्टार्टर जळालाच म्हणून समजा. म्हणजे भोक बुजवायला हवं. पण कायमचं नाही. डोह रोज आकसत होता. होडी पुढे सरकवायची तर केबल भोकातून उपसून काढायची, डेकखाली कोरड्यात राहील असा जोड देऊन वाढवायची आणि परत आत घालायची. तेव्हा पाणी अडवील आणि हातानं निघेल, असं काहीतरी पाहिजे होतं.

शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट. आमच्याकडे तिच्यावर बैठक झाली. हेडक्लार्कनं सिमेंट सुचवलं. ठेकेदारानं डांबर सुचवलं. साहेबांनी दोन डब्यांतला मसाला एकत्र मळून लावायचं सांगितलं, म्हणे दगड होतो त्याचा.

“साहेब, निघायला पाहिजे ते,” मी म्हणालो.

“निघायला? अहो जेई, दुनिया काम टिकावं म्हणून मरते, आणि तुम्ही ते निघावं म्हणून करून राहिले?”

सगळे खो खो हसले. चहा आला आणि बैठक यशस्वी झाली.

मी डांबर लावून पाहिलं. दुपारच्या उन्हात ते पातळ होऊन केबलवरून थेट स्टार्टरच्या पेटीवर उतरलं. सुतार काचेला लावतात ती खडू-जवसतेलाची लांबी भरली, ती वाळून तडकली. मेण आणि राळ एकत्र कढवून ओतलं, ते दिवसा ओघळायचं आणि पहाटेच्या गारव्यात टिचायचं. शेवटी उदगीरच्या दूध शीतकरण केंद्रातला एक ओळखीचा मेकॅनिक आठवला. गार पाइप भिंतीतून जातो तिथं ते लोक एक काळी, चिवट लांबी थापतात. ती कधी वाळतच नाही. त्यानं तिचा एक गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी तो केबलभोवती दाबून बसवला, वरून बादली ओतली, आत थेंब गेला नाही. नखानं उकरला तर सगळा हातात आला, मळून परत लावला तर परत बसला. मला इतका आनंद झाला की एकट्यानंच हसलो.

त्या लांबीच्या जोरावर होडी डोहामागं सरकत राहिली. गावी गेलो की माय नळाकडे बोट करायची. “धार बारीक हाय, पर हाय.”

मग वरून मोठे साहेब पाहणीला येणार अशी वर्दी आली. आमचे साहेब विजार दुमडून, दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून होडीवर चढले आणि काळा गोळा बघून किंचाळले, “हे शेण कुणी थापलं?”

नव्या जिल्ह्यात तेव्हा कोनशिलांची साथ आली होती. बसथांब्याला कोनशिला, पाणपोईला कोनशिला, मुतारीलासुद्धा. होडी तेवढी वाचली होती, तीही आता सापडली. गवंडी आला. माझी लांबी खरवडून चिखलात फेकली गेली. केबलसकट भोक पांढऱ्या सिमेंटनं गच्च बुजवलं, आणि ओल्या सिमेंटात खिळ्यानं जिल्ह्याचं नाव आणि त्याखाली साहेबांचं नाव कोरलं.

“साहेब, होडी हलवायची वेळ आली तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आधी पक्कं दिसू तर द्या.”

नारळ फोडला. त्याचं पाणी डेकवर सांडलं, आणि खोटं कशाला बोलू, थेंबही आत गेला नाही. मोठे साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. बांधावरूनच हात हलवून पुढे गेले.

डोह काही कोनशिला वाचून थांबणारा नव्हता. होडी चिखलात तिरकी बसली आणि पंप हवा ओढू लागला. ती तातडीनं सरकवायला हवी होती, पण केबल निघेना. डेकवरच कापून जोडावी तर जोड सगळा पिचकाऱ्यांखाली येणार. मी नको नको म्हणत असताना साहेबांनी त्याच गवंड्याला छिन्नी घेऊन बसवलं. सिमेंट निघालं, पण फळीला घेऊन निघालं. केबलची साल सोलली गेली, भोकाचं भगदाड झालं. ते तसंच ठेवून पंप चालू करायचा हुकूम झाला. खाली फट्‍कन आवाज आला आणि जळका वास सुटला. नवा स्टार्टर लातूरहून आणायचा, त्याला मंजुरी लागणार, मंजुरी द्यायला साहेब लागणार, आणि साहेब लग्नाला निघालेले.

“दुष्काळ आहे,” ते गाडीत बसता बसता म्हणाले. “लोक समजून घेतात.”

त्या साली दुष्काळानं बिघडवलं त्याहून जास्त त्याच्या नावावर खपवलं गेलं. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी नमस्कारसुद्धा केला नाही.

नळ कोरडे पडल्यावर मी गावी गेलो. घराला कडी होती. शेजारणीनं मळ्याकडे मान हलवली.

माय तिथंच होती. घागर विहिरीच्या दगडावर, आणि ती लांब, बांधाच्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन बसलेली. मळ्याची मालकीण मला बघून तोंडभर हसली. “साहेब, कवा आलात? च्या घेऊन जावा.” मला साहेब म्हणता म्हणताच तिनं आपली कळशी खांद्याइतकी उंच धरली आणि मायच्या घागरीत पाणी सोडलं. अर्धं घागरीत पडलं, अर्धं दगडावरून वाहून गेलं. एवढ्या दुष्काळात पाणी दगडावर सांडलेलं चाललं, कळशीला घागर लागलेली चालली नाही.

माय उठली. मी घागर घ्यायला वाकलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

“लई पक्कं काम केलं म्हण की तुझ्या सायबानं.”

तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि घागर उचलून घेतली.

“घरी येऊ नगं,” ती म्हणाली. “आधी नळाला पाणी आण, मग ये.”

मी तसाच मागं फिरलो आणि त्या मेकॅनिककडे लांबीचा गोळा आणि एखादा जुना स्टार्टर मागायला उदगीरची गाडी धरली.